काचा पुसायला काय लागतं?

पेपर आणि जुना बनियन? जरा थांबा. माझ्या मावसभावाची बॅग उघडून बघा आणि मग बोला!

आपली पिढी काचेत राहते. ऑफिसची बिल्डिंग काचेची, बॉसची केबिन काचेची, मीटिंग रूमचं दार काचेचं (त्यावर एकदा तरी कपाळ आपटलं नाही असा माणूस विरळाच!). नवा फ्लॅट घेतला तर हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी. कॉफी प्यायला गेलो तरी काचेशेजारचंच टेबल हवं. पण ही सगळी काच स्वच्छ कोण करतं, कशानं करतं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. पडलाच तर उत्तर तयार असतं, ‘त्यात काय एवढं? काचा पुसायला काय लागतं?’

घरोघरी काय लागतं ते आपल्याला पाठ आहे. परवाचा पेपर, बाबांचा जुना बनियन आणि निळ्या पाण्याची स्प्रे बाटली. दिवाळीच्या आधीचा रविवार, आईची आरडाओरड, आणि संध्याकाळी तिरपं ऊन आलं की काचेवर उमटणारे पांढरे फराटे. ते पाहून आपण पडदा ओढून घेतो. झाली सफाई!

माझ्या मावसभावाने मात्र हा प्रश्न एकदम सिरियसली घेतला. कारण त्याला त्यातून पोट भरायचं होतं.

दादा एकतीस वर्षांचा. बी.कॉम. आठ वर्षं एका कंपनीच्या अॅडमिन डिपार्टमेंटमध्ये. दीड वर्षापूर्वी त्या कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. मग सहा महिने इंटरव्ह्यू, ‘वुई विल गेट बॅक टू यू’ आणि घरात पसरलेली एक विचित्र शांतता. नोकरीत असताना हाऊसकीपिंगची बिलं त्याच्याच टेबलावरून पास व्हायची. त्यामुळे काच पुसून घ्यायला लोक किती पैसे मोजतात हे त्याला बरोब्बर माहीत होतं. लहान दुकानं, क्लिनिक, बेकऱ्या यांच्याकडे मोठ्या एजन्सीज फिरकत नाहीत, हेही माहीत होतं. एका रविवारी जेवताना त्याने जाहीर केलं, ‘मी काचा पुसायचं काम सुरू करतोय.’

काका ताटावरून उठले आणि न बोलता हात धुवायला गेले. मावशीला तर काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणाली, ‘अरे, आपली कामवालीसुद्धा काचांचे वेगळे पैसे मागत नाही!’

मी फ्रीलान्सर. म्हणजे घरच्यांच्या मते कायम रिकामी. त्यामुळे दादाबरोबर खरेदीला जायची ड्यूटी माझ्यावर आली. आणि खरं सांगते, त्या दिवशी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जे शिकले ते मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

नवरदेव : वायपर

दुकानात गेल्यावर दादाने ‘ग्लास वायपर’ मागितला, तर दुकानदाराने आधी बाथरूमचा वायपर पुढे केला. ‘साहेब, हाच चालतो सगळ्याला.’ नाही चालत! फरशीच्या वायपरचं रबर जाड आणि बोथट असतं. ते पाणी ढकलतं. काचेच्या वायपरचं रबर पातळ असतं आणि त्याची कड काटकोनात धारदार कापलेली असते. ती पाणी काचेवरून अक्षरशः कापून काढते. जगभरात याला स्क्विजी म्हणतात.

स्क्विजीचे तीन भाग. मूठ, धातूची पट्टी आणि त्या पट्टीत सरकवलेलं रबर. पट्टी वेगवेगळ्या लांबीची मिळते, पण नवशिक्याने 14 इंचापासून, म्हणजे साधारण 35 सेंटीमीटरपासून सुरुवात करावी. त्याहून मोठी घेतली तर हात सरळ राहत नाही, लहान घेतली तर एका काचेला दुपार होते. रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेलं हवं, नाहीतर धातू चौकटीला घासतो आणि कडेला पाण्याची रेघ राहते. काम करताना काचेवर एखादी बारीक ओळ सारखी उमटायला लागली की समजायचं, रबराला कुठेतरी खाच पडली. मग रबर काढून उलटं बसवायचं. दोन्ही कडा झिजल्या की नवं. दोन-तीन जादा रबरं बॅगेत हवीतच. बाइकच्या डिकीत उन्हात तापलेलं रबर लवकर कडक होतं, म्हणून ती सावलीतच ठेवायची.

आता यामागची स्टोरी ऐका. एटोरे स्टेकोन नावाचा एक इटालियन माणूस अमेरिकेत गेला आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये काचा पुसायला लागला. तेव्हाचं अवजार जड पोलादी होतं, त्याला दोन रबरं, आणि ती बदलायची तर बारा स्क्रू उघडायचे! हा माणूस रोज तेच वागवून वैतागला असणार. त्याने पितळेचं, हलकं, एकाच रबराचं अवजार बनवलं आणि 1936मध्ये त्याचा धंदा सुरू केला. आज बोहरी आळीत मिळतं ते मॉडेल त्याच घराण्यातलं. इतक्या वर्षांत मोबाइल कुठून कुठे गेला, स्क्विजी मात्र जवळपास आहे तशीच आहे. कारण ती रोज काचा पुसणाऱ्याने बनवली होती.

आणि स्पीडचं म्हणाल, तर ब्रिटनच्या टेरी बरोज यांनी 2009मध्ये ओळीने तीन खिडक्या 9.14 सेकंदांत पुसून गिनेस रेकॉर्ड केलंय. दादाला पहिल्या दिवशी एका खिडकीला पंचवीस मिनिटं लागली. (फोनवर टायमर लावून मी मोजली!)

करवला : टी-बार, बादली आणि चमचाभर साबण

स्क्विजी पाणी काढते. पण आधी पाणी लावायला काय? फडकं? स्प्रे? दोन्ही नाही. त्यासाठी ‘टी-बार’ असतो. इंग्रजी टीच्या आकाराची मूठ आणि तिच्यावर चढवलेली लोकरीसारखी गुबगुबीत खोळ. ही खोळ भरपूर पाणी धरते, काच नीट भिजवते आणि धूळ घासून सुटी करते. खोळ काढून वॉशिंग मशीनमध्ये धुता येते. फक्त कपडे मऊ करायचं लिक्विड घालायचं नाही, त्याचा चिकट थर काचेवर येतो.

स्प्रे का नको? कारण आपल्याकडच्या काचेवर नुसती धूळ नसते. पुण्यात तर शेजारी कुठेतरी बांधकाम चालू असतंच. त्या धुळीत वाळूचे कण असतात. त्यावर दोन फवारे मारून पेपराने खसाखसा घासलं की काचेवर बारीक ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी, मग बाकी सगळं, हा या धंद्यातला पहिला फंडा.

बादली चौकोनी हवी. यात स्टाइलचा प्रश्न नाही. 14 इंची टी-बार आंघोळीच्या गोल बादलीत आडवा मावत नाही, चौकोनी बादलीत अख्खा भिजतो. बादलीत आठ-दहा लिटर पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड फक्त अर्धा ते एक चमचा. आपल्याला वाटतं जितका फेस तितकी सफाई. इथे उलट आहे. साबणामुळे रबर काचेवरून सुळकन सरकतं, एवढंच त्याचं काम. जास्त झाला की काचेवर त्याचीच साय धरते.

आणि पाणी कुठलं? हे फार कोणी विचारत नाही. बोअरवेलचं पाणी असेल तर त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पांढरा ठिपका मागे राहतो. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये बाथरूमच्या काचा अशा ठिपक्यांनी आंधळ्या झालेल्या असतात. नुसत्या साबणाने ते जात नाहीत. त्यांना आंबट काहीतरी लागतं. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून आधी एका कोपऱ्यात ट्राय करायचं. मात्र खिडकीचा कट्टा मार्बलचा किंवा कोटा दगडाचा असेल तर तिथे थेंबही सांडू द्यायचा नाही. आम्ल त्या दगडाला खातं, चकाकी जाते, आणि मग गिऱ्हाईक आपल्याला खातं!

हे सगळं हाताने करायच्या पद्धतीबद्दल. परदेशात आता लांब नळीच्या खांबातून क्षार काढलेलं शुद्ध पाणी सोडून जमिनीवरूनच खिडक्या धुतात. त्या पाण्यात क्षार नसल्यामुळे काच नुसती वाळू दिली तरी डाग पडत नाही. पण शुद्धीकरणाचं मशीन, टाकी, गाडी असा मोठा खर्च असतो. ज्याच्याकडे बाइक आणि मोजकी शिल्लक आहे त्याने हाताच्या कामापासूनच सुरू करावं.

पातं, फडकी आणि शिडी

नव्या फ्लॅटच्या काचेवर सिमेंटचे, रंगाचे शिंतोडे असतात. त्याला पात्याचा स्क्रेपर लागतो. पण हे हत्यार म्हणजे लहान मुलाच्या हातातला मोबाइल. जपून! काच ओलीच हवी. पातं नेहमी पुढच्या दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही, कारण मागे येताना खालचा कण अडकतो आणि रेघ ओढत येतो. टफन्ड काच असेल तर जास्तच सांभाळायचं. भट्टीत तिच्या पृष्ठभागावर कधीकधी काचेचेच बारीक कण चिकटून राहतात. पात्याने ते सुटले की काचभर ओरखडे. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात बहुधा छोटासा शिक्का असतो, तो आधी शोधायचा आणि गिऱ्हाइकाला रिस्क सांगायची. फिल्म लावलेल्या काचेला तर पातं लावायचंच नाही.

फडकी दोन प्रकारची. चौकटीत, कट्ट्यावर सांडलेलं पाणी टिपायला जाड, आणि काचेची कड पुसायला तंतू न सोडणारं पातळ. मायक्रोफायबर चालतो. ब्रिटनमधले जुने कारागीर स्क्रिम नावाचं लिननच्या धाग्याचं विरळ विणीचं कापड वापरत आले आहेत. ते जितकं धुवावं तितकं मऊ होतं. हे कापड आपल्याकडे कुठे मिळणार म्हणून दादा बरेच दिवस शोधत होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

मग घडीची अॅल्युमिनियमची शिडी, पाच पायऱ्यांची. हिच्या बाबतीत काटकसर करायची नाही. पायांना रबरी बूट हवेत, कारण आपल्या फरशा गुळगुळीत आणि आपण पाण्याचंच काम करतोय. भिंतीला टेकवायची साधी शिडी असेल तर चारास एक हा नियम. चार फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट लांब. शिवाय एक जोडून लांब होणारा दांडा. त्याच्या टोकाला स्क्विजी बसते आणि निम्म्या वेळा शिडी उघडावीच लागत नाही.

जी वस्तू घेतली नाही : दोर

तिसऱ्याच आठवड्यात दादाला एक मोठी ऑफर आली. अकरा मजली बिल्डिंग, बाहेरून काचा. पैसे भरपूर. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘दोर आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त माणूस आणा.’ दादा म्हणाला, ‘माणूस म्हणजे मीच.’ आणि ‘नाही’ म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या खात्यात किती पैसे होते ते मला माहीत होतं. म्हणून सांगते, तो ‘नाही’ सोपा नव्हता.

दोरावरचं काम हा वेगळाच धंदा आहे. त्याला ट्रेनिंग लागतं, अख्ख्या अंगाला बांधायचा हार्नेस लागतो (आपल्याकडे त्याचं भारतीय मानक आहे, आयएस 3521, पट्ट्यावर ते छापलेलं बघायचं), कामाच्या दोराबरोबर सुरक्षेचा दुसरा स्वतंत्र दोर लागतो, आणि दोन्ही दोर ज्याला बांधायचे तो आधार तपासणारा जाणकार लागतो. ‘दोर आमच्याकडे आहे’ या वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

आणि हो, हे वाचणाऱ्या तुमच्यामाझ्यासाठीही. आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर छज्जावर उभं राहून काच पुसणाऱ्या मावशींचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलेत, वर ‘ओ माय गॉड’ लिहून. ती खिडकी कोणाची तरी असते ना? ‘बाहेरून पण घ्या हं जरा’ असं कोणीतरी म्हटलेलं असतं ना? आतून हात पोचत नसेल तर वाकडी मान असलेला दांडा मिळतो. तोही पोचत नसेल तर काच मळकी राहू द्या. काही बिघडत नाही!

आपल्या खिडक्यांचा प्रॉब्लेम

यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून दादा तयार झाला होता. पण व्हिडिओतल्या खिडक्या वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या. आपल्या खिडकीला बाहेरून ग्रिल, आतून स्लायडिंगच्या तीन पट्ट्या, त्यातल्या एकीला डासांची जाळी, आणि खालच्या रुळात वर्षानुवर्षांची माती, मेलेले डास, एखादी हरवलेली रिंग.

म्हणून त्याच्या बॅगेत परदेशी यादीत नसलेल्या वस्तू आल्या. रुळांसाठी रंगाचा एक इंची ब्रश आणि जुने टूथब्रश. ग्रिलमधून हात घालून वापरायला सहा इंची छोटी स्क्विजी. बऱ्याच स्लायडिंगचं पॅनल वर उचललं की रुळातून सुटतं आणि आत आणून आरामात धुता येतं, हे त्याला एका फॅब्रिकेटरने दाखवलं. आधी जाळी, मग रूळ आणि शेवटी काच, हा क्रम त्याने स्वतः बसवला. उलटं केलं तर रुळातली माती पुन्हा काचेवर उडते.

वेळेचंही गणित आहे. काचेवर थेट ऊन असेल तर रबर फिरायच्या आत पाणी वाळतं आणि फराटे उठतात. म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर. आपण दिवाळीच्या सफाईत नेमकं कडक ऊन पडलेलं बघून काचा काढतो, ‘लवकर वाळतील’ म्हणून. फराट्यांचं रहस्य कळलं?

आणि पुसायचं कसं? काच भिजवायची. वरची एक बोटभर पट्टी फडक्याने कोरडी करायची, म्हणजे रबराला कोरड्या जागेवरून सुरुवात मिळते. मग वरून खाली सरळ ओढायचं. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याने पुसायचं. हे विसरलात की सगळं फुकट. पुढची ओढ आधीच्या ओढीवर दोन-तीन सेंटीमीटर चढवायची. शेवटी कडा टिपायच्या. कसलेले लोक नागमोडी वळणं घेत एका झटक्यात अख्खी काच काढतात, पण ते सहा महिन्यांनंतर. दादा रात्री बाल्कनीच्या दारावर प्रॅक्टिस करायचा. मावशीच्या घराचं ते दार इतकं स्वच्छ झालं की एका कबुतराने त्यावर धडक मारली!

यादीत नसलेली वस्तू

बघा, आत्तापर्यंतच्या सगळ्या वस्तू पैसे देऊन मिळतात. पण एक वस्तू बोहरी आळीत मिळत नाही.

दादाचं एक गिऱ्हाईक म्हणजे बाणेरचा एक फ्लॅट. दार उघडलं तर समोर त्याचा शाळेतला मित्र. दोघंही दोन सेकंद गप्प. मग मित्र म्हणाला, ‘अरे, तू? तुझी माणसं कुठायत?’ दादा म्हणाला, ‘मीच आलोय.’ मित्राने चहा केला, गप्पा मारल्या, पण चार वेळा विचारलं, ‘बाकी, नोकरीचं काय बघतोयस?’ आणि जाताना ठरलेल्या रकमेपेक्षा पाचशे रुपये जास्त जीपे केले. दादाने तिथेच ते परत पाठवले. मला सांगताना म्हणाला, ‘अगं, काच किती स्वच्छ झाली ते त्यानं बघितलंच नाही. माझ्याकडेच बघत होता.’

दुसरीकडे मावशी स्थळं बघत होती. बायोडेटात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे काय लिहायचं यावर घरात आठवडाभर चर्चासत्र. मावशीचं म्हणणं, ‘फॅसिलिटी मॅनेजमेंट’ लिहूया. माझ्या आईचं म्हणणं, ‘स्वतःचा व्यवसाय’ लिहा, पुढचं विचारतील तेव्हा बघू. दादाने पेन घेतलं आणि लिहिलं, ‘काचा स्वच्छ करण्याचा व्यवसाय’. मावशीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘कोण मुलगी देणार तुला?’ मोठी शांतता. कारण ती चुकीचं बोलत नव्हती. आत्तापर्यंत दोन स्थळांनी बायोडेटा वाचून फोन केलेला नाही. ही गोष्ट काही लगेच गोड होत नाही.

काका या सगळ्यात कुठेच नव्हते. दादा सकाळी बॅग भरायचा, काका पेपर वाचायचे. सात-आठ महिने असंच. एके दिवशी दादा जेवताना सहज बोलला की तसलं मऊ, तंतू न सोडणारं सुती कापड कुठेच मिळत नाहीये, मायक्रोफायबर घामट होतो. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या बॅगेवर बारा चौकोनी फडक्यांची चळत होती. कडा दुमडून, शिलाई मारलेली. आजोबांचं जुनं धोतर. वर्षानुवर्षं धुऊन साईसारखं मऊ झालेलं. शिलाई मशीन काकांनी रात्री चालवलं होतं.

अजून काका ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला शेजाऱ्यांपुढे विषय बदलतात. पण दर रविवारी ती बारा फडकी स्वतः धुतात. नीळ न घालता. ‘साबणाचा अंश राहता कामा नये,’ असं मावशीला बजावतात. हे त्यांना कोणी सांगितलं? दादा म्हणतो, त्याने नाही!

मला वाटतं गडबड इथेच आहे. ज्या कामाला आपण घरातलं टाकाऊ साहित्य देतो, त्या कामाला आपण मनातही तीच जागा दिलेली असते. फाटका बनियन, रद्दी पेपर, तुटका मग. मग ते काम करणारा माणूसही आपल्याला तसाच दिसतो. सुताराच्या रंध्याकडे, टेलरच्या कात्रीकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो, कारण ते त्याचं हत्यार आहे हे आपल्याला दिसतं. दादा बेकरीच्या काचेपुढे उभा राहून पट्ट्यातून स्क्विजी काढतो तेव्हा येणारेजाणारे थांबून बघतात, हे मी पाहिलंय. आणि आजोबांचं धोतर? तेही जुनंच कापड होतं की! पण ते टाकून द्यायचं म्हणून दिलेलं नव्हतं. निवडून, मोजून, शिवून दिलेलं होतं. फरक तेवढाच. आणि तो फरक सात-आठ महिन्यांचा होता.

हिशेब

आता कामाचं बोलूया. दादाच्या वहीतला सुरुवातीचा खर्च असा (तुमच्याकडे भाव थोडे इकडेतिकडे होतील) :

14 इंची स्क्विजी : 450 रुपये
जादा रबरं, चार : 400
टी-बार आणि दोन खोळी : 580
चौकोनी बादली : 350
स्क्रेपर आणि पाती : 250
मायक्रोफायबर, सहा : 480
जोडदांडा : 900
कमरेचा पट्टा आणि पाउच : 300
पाच पायऱ्यांची शिडी : 2,900
ब्रश, हातमोजे वगैरे : 250
एकूण : 6,860 रुपये

छोटी स्क्विजी नंतर आली, कमाईतून. म्हणजे धंदा सुरू करायला सात हजारसुद्धा लागले नाहीत. आपल्यापैकी कित्येकांच्या फोनचे दोन हप्तेही त्याहून जास्त असतात.

उत्पन्नाचं गणित त्याने परदेशातल्या कारागिरांकडून उचललं. ब्रिटनमध्ये बरेचसे काच पुसणारे एकेकटे काम करतात आणि त्यांचा ठरलेला फेरा असतो. तीच गल्ली, तीच घरं, दर काही आठवड्यांनी. आपल्या भाषेत रतीबच! दादानेही दुकानांना रतीब लावला. एक बेकरी, दोन क्लिनिक, एक चष्म्याचं दुकान, आठवड्यातून एकदा, सकाळी शटर उघडताना. पैसे महिन्याला एकदम. एकेका दुकानाचे थोडेच, पण न चुकता. घरांची कामं त्यावर बोनस. आणि गणपती ते दिवाळी नुसती धावपळ. जुन्या पगाराइतके पैसे अजून सुटत नाहीत. पण तेराव्या महिन्यात त्याने स्वतःच्या पैशाने मावशीला मिक्सर घेतला. तिने तो शेजारच्या काकूंना दाखवला. ‘मुलाने घेतला’ म्हणाली. मुलगा काय करतो ते नाही सांगितलं. सांगेल.

तुम्हाला हा धंदा करायचा नसेलही. पण पुढच्या वेळी ऑफिसच्या काचेपलीकडे एखादा माणूस हात सरळ ठेवून वरून खाली रबर ओढताना दिसला, तर लॅपटॉपवरून मान वर करून अर्धा मिनिट बघा. प्रत्येक ओढीनंतर तो रबर पुसतो का, कड टिपतो का. जमलं तर ‘मस्त निघाली हो काच!’ म्हणा. आणि घरी कोणाला काचा पुसायला सांगणार असाल, तर त्यांच्या हातात बनियन ठेवू नका. साडेचारशे रुपयांची नीट स्क्विजी आणून द्या.

काचा पुसायला काय लागतं, हे आता तुम्हाला माहीत आहे.